केंद्रकाच्या आत अल्फा कण खरंच असतात का?

प्रश्न असा होता: वर्गात शेल मॉडेल शिकवलं. त्यात प्रत्येक प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या कक्षेत, जणू एकटाच, फिरत असतो. पुढच्याच प्रकरणात युरेनियममधून सबंध अल्फा कण बाहेर पडतो. मग हा अल्फा आत आधीपासून होता, की बाहेर पडताना तयार झाला? आणि कार्बन म्हणजे तीन अल्फा, ऑक्सिजन म्हणजे चार अल्फा, हे चित्र कितपत खरं?

हलकी केंद्रकं फोडून त्यांचे तुकडे मोजणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हाच प्रश्न मला शिकताना सर्वांत जास्त छळायचा. माझं उत्तर आधी सांगून टाकते. गुच्छ, म्हणजे केंद्रकाच्या आत अल्फासारखे घट्ट पुंजके वेगळे दिसणं, ही केंद्रकावर येणारी एक अवस्था आहे. ठरावीक ऊर्जेला आणि ठरावीक विरळपणाला ती येते, गर्दी वाढली की विरघळते. त्यामुळे ‘आत अल्फा आहेत का’ याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. कुठल्या केंद्रकात, कुठल्या अवस्थेत आणि केंद्रकाच्या कुठल्या भागात, हे विचारावं लागतं.

आधी अल्फा कणाकडेच नीट बघू. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. प्रोटॉनच्या स्पिनला दोन पर्याय, न्यूट्रॉनच्याही दोन. म्हणून पाउलीचा नियम (दोन एकसारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) न मोडता हे चौघे सर्वांत खालच्या एकाच कक्षेत बसतात. पाचव्याला तिथे जागा नाही. चौघांची मिळून बंधनऊर्जा २८.३ एमईव्ही (म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), दर कणामागे सात. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून जो ड्यूटेरॉन होतो त्याची सगळी मिळून बंधनऊर्जा फक्त २.२. दोनाचे चार झाले आणि बंधन जवळपास तेरा पटींनी वाढलं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अल्फाचा ताठपणा. त्याची पहिली उत्तेजित अवस्था २०.२ एमईव्हीवर आहे, आणि त्याच्या थोडं खाली, १९.८ वरच, त्यातून प्रोटॉन सुटून जातो. त्याखाली काहीही नाही. कार्बन-१२ ची पहिली उत्तेजित अवस्था ४.४४ वर आहे, ऑक्सिजन-१६ ची ६.०५ वर. म्हणजे आजूबाजूला पाच-दहा एमईव्हीची खळबळ चालू असली तरी अल्फाच्या आतल्या रचनेला ती पोचत नाही.

आणि इतका घट्ट असलेला हा कण शेजाऱ्याशी मात्र फारसा संबंध ठेवत नाही. त्याला एक न्यूट्रॉन जोडून हीलियम-५ करायला जा, ते टिकत नाही. एक प्रोटॉन जोडून लिथियम-५ करा, तेही नाही. दोन अल्फा एकत्र आणले की बेरिलियम-८ होतं, पण तेही ०.०९२ एमईव्हीने सुटं पडतं. त्याचं अर्धायुष्य जेमतेम १० च्या उणे १६ व्या घाताइतके सेकंद. केंद्रकाच्या घड्याळाने पाहिलं तर हा काळ मात्र मोठा आहे. एखाद्या न्यूक्लिऑनला (म्हणजे प्रोटॉनला किंवा न्यूट्रॉनला) केंद्रक ओलांडायला साधारण १० च्या उणे २२ व्या घाताइतके सेकंद लागतात, म्हणजे तेवढ्यात आठ-दहा लाख फेऱ्या होतात. तेवढा वेळ ते दोन अल्फा एकमेकांभोवती फिरत राहतात. बेरिलियम-८ च्या उत्तेजित अवस्था ३.०३ आणि ११.३५ वर येतात आणि हा क्रम फिरणाऱ्या लांबट वस्तूला साजेसा आहे. २००० साली न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन बलापासून सुरुवात करून, अल्फा गृहीत न धरता केलेल्या गणितातही या केंद्रकाच्या घनतेत दोन वेगळे उंचवटे दिसले. गुच्छ सांगून-सवरून घातले नव्हते, ते आपोआप उगवले.

आत घट्ट आणि बाहेरच्यांशी अलिप्त. गुच्छ बनण्याचं मूळ या दोन गुणांच्या जोडीत आहे. नुसता घट्टपणा असता आणि अल्फा-अल्फा आकर्षणही तितकंच जोरदार असतं, तर सगळे अल्फा एकमेकांत दाबले जाऊन त्यांची ओळखच पुसली गेली असती.

आता कार्बन म्हणजे तीन अल्फा, या चित्राकडे. १९३८ मध्ये हाफस्टाड आणि टेलर यांनी एक साधा हिशेब मांडला. कार्बन-१२ तीन सुट्या अल्फांपेक्षा ७.२७ एमईव्हीने खाली आहे. अल्फा त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर ठेवले तर तीन बाजू, म्हणजे तीन बंध. ७.२७ भागिले ३, उत्तर २.४२. ऑक्सिजन-१६ चार अल्फांपेक्षा १४.४४ ने खाली. चतुष्फलकाला सहा कडा. १४.४४ भागिले ६, उत्तर २.४१. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की पाहणाऱ्याची खात्रीच पटते. माझीही पटली होती, आणि पुढची कितीतरी वर्षं मी केंद्रकांकडे चेंडू-काड्यांच्या खेळण्यासारखं पाहत होते.

पण याच हिशेबाने बेरिलियम-८ तपासा. दोन अल्फा, एक बंध. २.४ एमईव्हीची बांधणी मिळायला हवी. प्रत्यक्षात मिळते उणे ०.०९. जिथे फक्त एकच बंध आहे, त्या सर्वांत सोप्या ठिकाणीच नियम मोडतो. म्हणजे कार्बन-ऑक्सिजनमधला तो सुरेख मेळ अल्फांमधल्या बंधांचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

दुसरी अडचण आकाराची. ती कागदावर पाच मिनिटांत तपासता येते, आणि ती तुम्ही स्वतः तपासावी असं मला मनापासून वाटतं. अल्फाची त्रिज्या १.६८ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १० च्या उणे १५ व्या घाताइतके मीटर), कार्बन-१२ ची २.४७. दोन्ही विद्युतभाराच्या वर्ग-सरासरी त्रिज्या आहेत. कार्बन खरोखरच तीन साबूत अल्फांचा त्रिकोण असेल, तर त्रिज्यांच्या वर्गांची वजाबाकी करून प्रत्येक अल्फाचं केंद्रबिंदूपासूनचं अंतर मिळतं: ६.१० वजा २.८२, उरले ३.२८, वर्गमूळ १.८१. त्रिकोणाची बाजू त्याच्या १.७३ पट, म्हणजे ३.१. आणि दोन अल्फांच्या त्रिज्यांची बेरीज ३.३६. अल्फा एकमेकांत घुसलेलेच आहेत. अशा दाटीत कुठला प्रोटॉन कुठल्या अल्फाचा, हे विचारण्यात अर्थ उरत नाही, कारण प्रोटॉन सगळे एकसारखे. त्यांची अदलाबदल गणितात घ्यावीच लागते.

ती घेतली की काय होतं हे पेरिंग आणि स्कर्म यांनी १९५६ मध्ये दाखवलं, आणि माझ्या मते या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्यांदा हे समजून घ्यावं. चार अल्फा चतुष्फलकावर ठेवा, पाउलीच्या नियमाप्रमाणे सगळ्या अदलाबदली करा, आणि अल्फा जवळ जवळ आणत जा. शेवटी जे तरंगफलन (अवस्थेचं गणिती वर्णन) उरतं ते शेल मॉडेलच्या भरलेल्या कवचाचं, तंतोतंत तेच. तुम्हाला जो विरोध वाटतोय, एकीकडे एकटे फिरणारे न्यूक्लिऑन आणि दुसरीकडे अल्फांची मांडणी, तो तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत बराचसा मिटतो. एकाच वस्तूची ती दोन वर्णनं आहेत. त्रिकोणाची किंवा चतुष्फलकाची सममिती मात्र फिरण्या-थरथरण्याच्या पातळ्यांमध्ये डोकावू शकते. २०१४ मध्ये कार्बन-१२ मध्ये २२.४ एमईव्हीवर जी ५ स्पिन आणि ऋण पॅरिटीची (पॅरिटी म्हणजे आरशातल्यासारख्या उलटापालटीत तरंगफलनाचं चिन्ह बदलतं की नाही) अवस्था सापडली, ती फिरणाऱ्या समभुज त्रिकोणाच्या क्रमात बसते.

मग गुच्छ खरोखर वेगळे कधी दिसतात? इकेडा, ताकिगावा आणि होरिउची यांनी १९६८ मध्ये जो नियम मांडला तो आजही आमच्या कामाचा कणा आहे: एखाद्या केंद्रकाचे विशिष्ट तुकडे पडायला जितकी ऊर्जा लागते, त्या उंबरठ्याच्या आसपास त्याच तुकड्यांची रचना अवस्थांमध्ये दिसू लागते. यामागचं कारण सरळ आहे. उंबरठ्याजवळ तुकड्यांमधलं बंधन जवळजवळ शून्यावर येतं. बंधन सैल झालं की तुकडे एकमेकांपासून लांब राहू शकतात, लांब राहिले की एकमेकांत घुसत नाहीत, आणि घुसले नाहीत की त्यांची ओळख टिकते. बेरिलियम-८ ची तळाची अवस्थाच उंबरठ्यावर आहे, म्हणून तिथे गुच्छ लगेच दिसतात. कार्बन-१२ मध्ये त्यासाठी ७.२७ पर्यंत चढावं लागतं. ऑक्सिजन-१६ मध्ये आधी ७.१६ वर कार्बन आणि अल्फा असा उंबरठा येतो, आणि चारही अल्फा सुटे होण्याचा पार १४.४४ वर. निऑन-२० मध्ये ऑक्सिजन आणि अल्फा यांचा उंबरठा ४.७३ वरच आहे, त्यामुळे त्याच्या तळाच्या पट्ट्यातही (पट्टा म्हणजे एकाच आकाराच्या फिरण्यातून येणारी पातळ्यांची मालिका) गुच्छाची चाहूल लागते. एका बाजूला मोठा ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला छोटा अल्फा अशी बेढब वस्तू असली, तर सम आणि विषम पॅरिटीचे दोन पट्टे जोडीने यायला हवेत. निऑनमध्ये ते आहेत: एक तळापासून सुरू होणारा, दुसरा ५.७९ वरच्या अवस्थेपासून.

आता त्या अवस्थेबद्दल, जिच्यामागे मी माझी निम्मी कारकीर्द घालवली. ताऱ्यांच्या पोटात हीलियमपासून कार्बन कसा बनतो हे कोडं होतं, कारण पाच आणि आठ या वस्तुमानांचं एकही टिकाऊ केंद्रक नाही. पाचची पायरी नाही, आठची पायरी पाय ठेवताच निसटते. १९५२ मध्ये साल्पीटर यांनी दाखवलं की तापमान दहा कोटी अंशांच्या घरात गेलं की बेरिलियम-८ क्षणभर का होईना, थोडंथोडं साठलेलं असतं आणि तिसरा अल्फा त्यावर येऊन आदळू शकतो. पण नुसतं तेवढ्याने विश्वात दिसतो तेवढा कार्बन बनत नाही. १९५३ मध्ये फ्रेड हॉइल यांनी आग्रहाने म्हटलं की कार्बन-१२ मध्ये ७.७ एमईव्हीच्या आसपास, तीन अल्फांच्या उंबरठ्याच्या जरा वर, एक अवस्था असलीच पाहिजे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये व्हेलिंग यांच्या गटाने शोधलं आणि ती सापडली. तिलाच हॉइल अवस्था म्हणतात. आजच्या मोजणीनुसार ती ७.६५ वर, उंबरठ्याच्या ०.३८ वर आहे. ताऱ्यांकडे पाहून केंद्रकाची पातळी सांगितली गेली आणि ती खरी निघाली. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना मला तेवढाच आनंद होतो.

ही अवस्था प्रयोगात कशी दिसते ते जवळून सांगते. कार्बनच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फांचा झोत सोडायचा. धडकेने काही कार्बन केंद्रकं या अवस्थेत जातात आणि लगेच तीन अल्फांमध्ये फुटतात. ते अल्फा सिलिकॉनच्या चकत्यांवर पकडायचे. चकतीच्या एका अंगाला उभ्या पट्ट्या, दुसऱ्या अंगाला आडव्या. कुठली उभी आणि कुठली आडवी पट्टी वाजली यावरून जागा कळते, विद्युतभारावरून ऊर्जा. तिघांची ऊर्जा आणि दिशा मिळाली की त्यांची आपापसातली ऊर्जा काढता येते, आणि आलेखावर ०.३८ एमईव्हीला एक सुळका उभा राहतो.

खरी कसोटी पुढे आहे. समजा बेरिलियम-८ बनून ४० एमईव्ही ऊर्जेने पुढे जातंय आणि वाटेत फुटतंय. ०.०९२ एमईव्हीतला प्रत्येक अल्फाच्या वाट्याला ०.०४६ येतो, तर पुढे जाण्याची ऊर्जा दोघांना प्रत्येकी २०. वेगांचं गुणोत्तर म्हणजे ०.०४६ भागिले २० चं वर्गमूळ, साधारण ०.०४८. म्हणजे दोघे जास्तीत जास्त साडेपाच अंशांनी फाकतात. १५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या चकतीवर त्यांच्यात दीड सेंटिमीटरहून कमी अंतर पडतं. पट्टी ३ मिलिमीटरची असेल तर पाचेक पट्ट्यांचं. बऱ्याचदा त्याहून कमी, आणि कधी दोन्ही अल्फा एकाच पट्टीत. असे दोन अल्फा एकाच कणासारखे वाचले जातात आणि घटना हातची जाते, किंवा त्याहून वाईट, चुकीच्या जागी मोजली जाते. या क्षेत्रातले बरेचसे वाद भौतिकशास्त्राच्या आधी पट्ट्यांच्या हिशेबात सोडवावे लागतात.

हॉइल अवस्था फुटताना आधी बेरिलियम-८ आणि एक अल्फा अशी फुटते, की तिन्ही अल्फा एकदम सुटतात? पहिल्या मार्गात उत्तर ठरलेलं आहे. ०.३७९ मधून बेरिलियमसाठी ०.०९२ बाजूला काढा, उरले ०.२८७. अल्फा बेरिलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणून त्याला यातले दोन तृतीयांश मिळतात, ०.१९१. म्हणजे एकूण ऊर्जेचा अर्धा वाटा, प्रत्येक वेळी, एकाच अल्फाकडे. एकदम फुटण्यात असं बंधन नाही, तिघांना एकेक तृतीयांशही मिळू शकतो. म्हणून सर्वांत वेगवान अल्फाचा वाटा मोजायचा आणि तो अर्ध्यावर चिकटून राहतो का बघायचं. २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी फार काटेकोर मोजण्या केल्या. एकदम फुटण्याचं प्रमाण दर दहा हजारांत पाचापेक्षाही कमी निघालं.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण अनेक चांगले विद्यार्थी इथेच घसरतात. ‘ती बेरिलियम आणि अल्फा अशी फुटते, म्हणजे ती आतून बेरिलियम आणि अल्फा अशीच आहे’ हे अनुमान बरोबर नाही. विद्युत प्रतिकर्षणाच्या भिंतीतून बाहेर पडताना जो मार्ग सोपा, तो निवडला जातो. तिघांनी थोड्या थोड्या ऊर्जेने एकदम भिंत ओलांडणं फार अवघड असतं. फुटण्याची पद्धत भिंतीबद्दल जास्त सांगते, आतल्या रचनेबद्दल कमी.

आतल्या रचनेबद्दल काय माहीत आहे? बहुतेक गणितांमध्ये या अवस्थेची त्रिज्या साडेतीन फेम्टोमीटर किंवा त्याहून जास्त येते, म्हणजे तळाच्या अवस्थेच्या जवळपास तिप्पट किंवा त्याहून जास्त आकारमान. इलेक्ट्रॉन विखुरण्याच्या मोजण्या या फुगलेपणाशी जुळतात. २००१ मध्ये तोहसाकी, होरिउची, शुक आणि रॉप्के यांनी सुचवलं की इथे तीन अल्फा वायूसारखे, सगळे एकाच सर्वांत खालच्या कक्षेत फिरतात, म्हणजे हा अल्फांचा कंडेन्सेट आहे. २०११ मध्ये एपेलबाउम, क्रेब्स, ली आणि माइसनर यांनी ही अवस्था थेट न्यूक्लिऑनांमधल्या बलांपासून, जाळीवरच्या गणिताने काढली. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या कामात अल्फांची मांडणी वाकलेल्या हातासारखी, विशालकोनी त्रिकोणाची दिसली. त्याच सुमारास १० एमईव्हीच्या आसपास २ स्पिनची एक अवस्था पक्की झाली, जी हॉइल अवस्थेची फिरती किंवा उत्तेजित बहीण मानली जाते. माझं मत विचाराल तर ‘ताठ आकार’ हा शब्द मी या अवस्थेसाठी वापरत नाही. तीन सैल अल्फा, वेगवेगळ्या मांडण्यांमधून सतत जाणारे, हेच वर्णन मोजमापांना सर्वांत जवळचं वाटतं. ‘कंडेन्सेट’ही मी जपून वापरते. तीन कणांच्या गर्दीला तो शब्द जरा मोठा होतो.

आणि कार्बन? या अवस्थेतली जवळजवळ सगळी केंद्रकं परत तीन अल्फांमध्ये फुटतात. दर दहा हजारांत साधारण चारच प्रकाशकण किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी टाकून खाली उतरतात आणि टिकाऊ कार्बन होतात. विश्वातला जवळपास सगळा कार्बन या चिंचोळ्या वाटेने आलेला आहे. पुढे ऑक्सिजन बनताना उलटा योग जुळतो: कार्बन आणि अल्फा यांचा उंबरठा ७.१६ वर, आणि जवळची अवस्था ७.१२ वर, उंबरठ्याच्या नेमकी खाली. त्यामुळे ती पायरी वेगाने चढली जात नाही आणि सगळा कार्बन ऑक्सिजनमध्ये खपून जात नाही.

थोडे जास्तीचे न्यूट्रॉन घातले की चित्र आणखी देखणं होतं. बेरिलियम-९ म्हणजे दोन अल्फा आणि एक न्यूट्रॉन. यातली कुठलीही जोडी एकटी टिकत नाही, अल्फा-अल्फा नाही आणि अल्फा-न्यूट्रॉनही नाही, पण तिघे मिळून पक्के टिकतात. न्यूट्रॉन दोन्ही अल्फांभोवती फिरून त्यांना बांधतो, रेणूत इलेक्ट्रॉन दोन अणूंना बांधतो तसा. बेरिलियम-१० मध्ये दोन न्यूट्रॉन. तळाच्या अवस्थेत ते अल्फांच्या अक्षाच्या आजूबाजूने फिरतात आणि अल्फा जवळ राहतात. ६.१८ वरच्या अवस्थेत ते अक्षाच्या रेषेतल्या कक्षांमध्ये जातात आणि दोन अल्फा चांगलेच लांब सरकतात. रसायनशास्त्रातल्या पाय आणि सिग्मा बंधांची भाषा इथे शब्दशः चालते.

‘कण जवळ येणं’ म्हणजे अल्फाच असं नाही, हेही नोंदवून ठेवा. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमधल्या इलेक्ट्रॉनच्या प्रयोगांतून दिसलं आहे की कार्बन-१२ सारख्या केंद्रकात कुठल्याही क्षणी साधारण पाचातला एक न्यूक्लिऑन दुसऱ्या एकाशी फार जवळून, फार वेगाने जोडी करून असतो. या जोड्या बहुतांशी प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या, प्रोटॉन-प्रोटॉनच्या साधारण वीसपट. कारण न्यूक्लीय बलाचा टेन्सर भाग (स्पिनच्या दिशेवर अवलंबून असलेला) त्या जोडीवर जोरदार चालतो. पण त्या क्षणिक, दाट जोड्या आहेत. अल्फाचे गुच्छ विरळ जागेत बनतात. दोन्हींना एकाच नावाखाली घालू नका.

विरळ जागा हा धागा जड केंद्रकांत फार महत्त्वाचा आहे. केंद्रकाच्या गाभ्यात दर घन फेम्टोमीटरला साधारण ०.१६ न्यूक्लिऑन असतात. गणितं सांगतात की घनता याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरली तरच अल्फा आपली ओळख राखू शकतो. त्याहून दाट जागी पाउलीचा नियम त्याच्या चौघांना हवी ती जागाच देत नाही. जड केंद्रकात इतकी विरळ जागा एकच: पृष्ठभागाची किनार. म्हणून जड केंद्रकाच्या पोटात अल्फा नसतात, कडेला अधूनमधून असू शकतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओसाका विद्यापीठातल्या प्रयोगात हे थेट तपासलं गेलं. कथिलाच्या ११२, ११६, १२० आणि १२४ या समस्थानिकांवर ३९२ एमईव्हीचे प्रोटॉन सोडले आणि बाहेर उडालेले अल्फा प्रोटॉनसोबत मोजले. न्यूट्रॉन वाढत गेले तसे कडेचे अल्फा कमी होत गेले. कडेला न्यूट्रॉनांचं आवरण जाड झालं की अल्फा बनवायला प्रोटॉन पुरत नाहीत, असा त्याचा अर्थ. त्या आवरणाच्या जाडीवरून न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल अंदाज बांधले जातात, त्यामुळे हा हिशेब तिथेही धरावा लागतो.

अल्फाहून मोठे गुच्छही बाहेर पडतात. १९८० मध्ये संडुलेस्कू, पोएनारू आणि ग्राइनर यांनी ते आधी सांगितलं, आणि १९८४ मध्ये ऑक्सफर्डमध्ये रोझ आणि जोन्स यांनी रेडियम-२२३ मधून कार्बन-१४ बाहेर पडताना पकडलं. साधारण शंभर कोटी अल्फांमागे एक कार्बन. मागे उरतं शिसं-२०९, भरलेल्या कवचांच्या शिसं-२०८ चा सख्खा शेजारी. गुच्छ निवडला जातो तो मागे काय उरतं ते पाहून.

आता तुमच्या युरेनियमकडे. १९२८ मध्ये गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी, आत तयार अल्फा आहे असं धरूनच हिशेब केला: तो भिंतीवर आदळत राहतो आणि क्वचित पलीकडे निघतो. सेकंदाला १० च्या २१ व्या घाताइतक्या धडका धरल्या, तर युरेनियम-२३८ च्या साडेचारशे कोटी वर्षांच्या अर्धायुष्यात त्या १० च्या ३८ व्या घाताइतक्या होतात. अल्फा तिथे कायम नसतो हे आज कळूनही तो हिशेब चालतो, कारण भिंत ओलांडण्याची शक्यता वीसहून जास्त घातांनी बदलते, आणि कडेला अल्फा जमलेला असण्याची शक्यता त्या मानाने फार थोडी बदलते.

ही थोडी बदलणारी गोष्ट वेगळी काढायची असेल तर पोलोनियमचे दोन समस्थानिक शेजारी ठेवा. पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवस, अल्फाची ऊर्जा ५.३० एमईव्ही. पोलोनियम-२१२ चं अर्धायुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे तीन दशांश, ऊर्जा ८.७८. आयुष्यात सुमारे चाळीस लाख कोटी पटींचा फरक, आणि त्यातला बहुतेक सगळा ऊर्जेच्या फरकामुळे. तो वजा केला तरी पोलोनियम-२१२ ची बाजू कित्येक पटींनी वरचढ उरते. पोलोनियम-२१० मध्ये १२६ न्यूट्रॉन आहेत, कवच भरलेलं आहे, आणि अल्फासाठी लागणारे दोन न्यूट्रॉन त्या भरलेल्या कवचातून उपटून काढावे लागतात. पोलोनियम-२१२ मध्ये शिसं-२०८ च्या बाहेर दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन आधीच सुटे आहेत, आणि कडेच्या विरळ जागेत त्या चौघांची गाठ वारंवार पडते.